भिंत सोडून कुठेही

नातीला चित्रं काढायला 'व्यवस्थित साहित्य' आणून द्यायचं, असा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. एकमत तेवढ्यापुरतंच. मुलाचं म्हणणं मेणाचे खडू, सुनेचं म्हणणं स्केचपेन आणि विहीणबाईंचं म्हणणं पाटी. विहीणबाई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं फोनवरही फळ्यावर लिहिल्यासारखं ऐकू येतं. शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो होतो. एवढ्या पात्रतेवर खरेदी माझ्याकडे आली. (स्थिरचित्रातल्या माझ्या तांब्याला परीक्षकांनी नेमकं काय मानलं कोण जाणे, पण 'क' श्रेणी मिळाली होती.)

ठाण्यात स्टेशनरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "परीक्षेसाठी की टाइमपास?"

"साडेतीन वर्षं," मी म्हणालो.

"मग जाडे न्या." हा माणूस ज्ञानी होता. मुलं या वयात खडू मुठीत धरतात आणि खांद्यातून जोर लावून चित्र काढतात. बारीक खडूचे तिथल्या तिथे दोन तुकडे होतात. त्यानेच तेलखडूंपासूनही सावध केलं. तेलखडू दिसतात सुंदर, हलक्या हातालाही दाट रंग देतात. पण त्यातलं तेल काही नीट वाळत नाही. चित्र कागदावरून फ्रॉकवर, फ्रॉकवरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर जातं. म्हणजे प्रदर्शन फिरतं.

स्केचपेनांचा प्रयोग सुनेच्या समाधानासाठी झाला. नातीला पेनापेक्षा टोपण जास्त आवडलं. चांगल्या पेनाच्या टोपणाला वर एक भोक असतं. पोराने ते गिळलंच आणि घशात अडकलं, तर श्वासाला वाट राहावी म्हणून. हे मी सुनेला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी स्केचपेनं कपाटावर गेली. उघडी राहून ती तशीही वाळलीच होती.

अमेरिकेत 1903 साली क्रेयोलाच्या मेणाच्या खडूंची पहिली पेटी निघाली, तीत आठ रंग होते आणि किंमत पाच सेंट. आमच्या चिरंजीवांनी मात्र सोनेरी-चंदेरीसकट मोठी पेटी आणायला लावली. नातीने तीतला जांभळा उचलला. गाय जांभळी, सूर्य जांभळा, आजी जांभळी. बाकीचे खडू तिने फरशीवर ओळीत उभे केले आणि त्यांची शाळा भरवली. मग वर्गाला शिस्त लागावी म्हणून एकेकाचा कागद सोलून काढला. मुलगा हळहळला, मला आनंद झाला. सोललेला खडू आडवा धरून घासला की केवढा पट्टा उमटतो! आणि तुटलेला बोटभर तुकडा मुठीला पुरतच नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. पुढे पेन्सिल धरायची तालीम आपोआप होते. मुलाची पाठ वळली की उरलेले खडू मी स्वतः मोडून ठेवतो.

कागदाचं प्रकरण जास्त खर्चिक निघालं. छान जाड कार्ट्रिज पेपर आणला. नातीने एका कागदावर एक रेघ ओढली, म्हणाली "झालं!" आणि दुसरा मागितला. तेव्हापासून घरात पाठकोऱ्या कागदांना सोन्याचा भाव आहे. लग्नपत्रिका चालतात. बँकांची कॅलेंडरं उत्तम. 'कालनिर्णय'चा मात्र काही उपयोग नाही, त्याची पाठ वाचनीय असते. सर्वात कामाला आला सोसायटीचा वार्षिक अहवाल. सिंकिंग फंडाच्या मागे नातीने चेअरमनसाहेब काढले: एक मोठा गोळा आणि त्यातूनच थेट निघालेले दोन पाय. या वयाची मुलं जगभर माणूस असाच काढतात, धड नंतर येतं. आमच्या चेअरमनसाहेबांच्या बाबतीत ते आलं नाही तरी चालेल.

आता जागा. मुलाने ऑनलाइन छोटं टेबल-खुर्ची मागवलं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, कोपर टेबलावर आलं पाहिजे, सगळं मोजून. त्यावर सध्या बाहुलीचा संसार आहे. डायनिंग टेबलाच्या काचेवर कागद घसरतो. गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि कबुतरं. शेवटी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, आजीचा पूजेचा पाट ठेवला, आणि नात पाटाशेजारी पालथी पडून चित्रं काढू लागली. पाटावर खडूंची शाळा बसली.

पण जगातला सर्वात मोठा कागद तिला समोरच दिसत होता. तिचं धोरण मला समजत होतं. पालघर-डहाणूकडे वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवरच तांदळाच्या पिठाने काढतात, आणि त्या कलेसाठी जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. हे मी सुनेला ऐकवलं.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांची भिंत स्वतःची होती. आपण भाड्याने राहतो."

भिंतीवर मोठा कागद चिकटवून पाहिला. चिकटपट्टीबरोबर डिस्टेंपरही उतरून आला. तोवर विहीणबाईंचा फोन. बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले असल्या फुकटच्या साहित्यावर बालवाडी चालवली, तुम्हाला एवढं का जमत नाही? मी पिशवी घेऊन खाली उतरलो. वॉचमनने 'फुले-पाने तोडू नयेत' ही पाटी दाखवली. सही चेअरमनसाहेबांचीच.

मार्ग सुनेने काढला. बाथरूम! छतापर्यंत गुळगुळीत टाइल्स, हाताशी नळ, खाली जाळी, आणि घरमालकाची हरकत असण्याचं कारण नाही. कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून त्यात खायचा रंग घातला की बोटांनी फासायला फर्स्टक्लास लगदा होतो. नात चड्डीवर आत शिरते आणि तासाभराने रंगीत होऊन बाहेर येते. टाइल्स पुसून निघतात. मधल्या फटी गुलाबी झाल्या आहेत, त्याचं भाडेकरार संपेल तेव्हा बघू.

अडचण एकच. चित्र पुसू द्यायला कलावंत तयार नसते, त्यामुळे आम्ही सगळे अंग चोरून, एकाच कोपऱ्यात, तांब्याने बेताने पाणी घेत आंघोळी करतो. दारावर वेळापत्रक लागलं आहे: सात ते सव्वासात मुलगा, सव्वासात ते साडेसात सून, पुढे चित्रकला. माझं नाव त्यात कुठे आहे, असं विचारलं.

"तुम्हाला कुठे लोकल पकडायचीय, बाबा?" सून म्हणाली.