सँटोसचे मुकादम

ब्राझीलच्या सँटोस क्लबाचं येत्या हंगामात काय होणार, हे पाटोद्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात कळतं. तिथं मुकादम बसतात. ऊसतोडीचे मुकादम, दसरा झाला की टोळी ट्रकात घालून कोल्हापूर गाठायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला की परतायचं, हा त्यांचा रिवाज. आता कोल्हापुरात गाळपाचा आणि फुटबॉलचा हंगाम बराचसा एकदमच चालतो. मुकादम बिलासाठी खोळंबले असताना कुणीतरी त्यांना शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघायला नेलं. लोक कोल्हापूरहून गूळ आणतात, यांनी हे आणलं.

वर्ल्डकपला तिथल्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात. मुकादम ब्राझीलकडं गेले आणि तिथून पेलेच्या सँटोसकडं. ‘‘1956 ते 1974! एकाच कारखान्यावर आठरा हंगाम! आपला एक कोयता दोन हंगाम टिकंना गड्या.’’

सगळा फुटबॉल ते असाच मोजतात. मॅनेजर म्हणजे मुकादम, टीम म्हणजे टोळी, बदलीचे पैसे म्हणजे उचल. 2017 मध्ये पॅरिसच्या क्लबानं नेमारसाठी बार्सिलोनाला 22 कोटी 20 लाख युरो मोजले, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘फिटायची कवा ही उचल?’’ पैसे खेळाडूला नव्हे, जुन्या क्लबाला मिळतात हे सांगितल्यावर तर ते हबकलेच. घेतलेली उचल बुडवून टोळी रातोरात दुसऱ्याच्या फडात गेली आणि कारखान्याचं देणं स्वतःच्या डोक्यावर राहिलं, असा हंगाम त्यांनी काढलेला आहे. टोळी पळवणारा जुन्या मुकादमाला पैसे आणून देतो, हा कायदा त्यांना फार आवडला. तो बीड जिल्ह्यात कधी लागू होणार, असं त्यांनी एका पुढाऱ्यालाही विचारलं म्हणतात.

अंदाज मात्र खणखणीत. 2023 ला ते म्हणाले, सँटोस पहिल्या पाचात. 1912 साली स्थापन झालेला हा क्लब त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदा खालच्या लीगमध्ये घसरला. मुकादम डगमगले नाहीत. ‘‘त्याच साली बोटाफोगो तेरा पॉइंटांनी पुढं हुता, आला पाचवा. उभा ऊस बघून टनेज सांगू नये.’’ आणि चहा संपायच्या आत पुढच्या सालाचं टनेज सांगून मोकळे. 2024 मध्ये सँटोस खालची लीग जिंकून वर आला, तो यांच्याच शब्दाखातर. जानेवारी 2025 मध्ये नेमार सँटोसला परतला, तेव्हा ‘‘गडी गावाकडं आला’’ म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. त्याचा गुडघा दुखावलेला होता. त्यावर ते म्हणाले, ऊसतोडीत कुणाचा धड असतो?

‘‘पर मुकादम, वीस टीम, आडतीस मॅची, आन् चार खाली जात्यात. सँटोस वाचंल का?’’

‘‘आरं, चार जात्यात म्हंजी सोळा ऱ्हात्यात. सोळात बसायला काय लागतंय?’’

‘‘आन् यंदा पाऊस?’’

‘‘त्याचं कुणी सांगावं!’’

‘‘तुमच्या टोळीत कोयते किती?’’

‘‘उचल पंधरानं घेतलीय. येत्यात किती, ते ट्रक उभा राहिल्यावर दिसंल.’’

‘‘आन् सँटोस?’’

‘‘सहावा. लिहून घे.’’