सुपर हेवीवेट

ज्या मुलखात बारशाला आलेली म्हातारी माणसं पाळण्यातल्या पोराची आधी मांडी चाचपून बघतात आणि मग नाव विचारतात, तिथे चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ बॉक्सिंगच्या क्लासला नाव घालतो, तेव्हा त्यामागे काहीतरी हिशेब असणारच. सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत असे गृहस्थ आता बऱ्यापैकी दिसू लागले आहेत. साताऱ्याचा असेल तर तो बहुधा पतसंस्थेचा व्यवस्थापक असतो. सांगलीचा असेल तर मार्केट यार्डात हळदीची पेढी आणि विश्रामबागेकडे बंगला. वजन दोघांचंही ९४. रक्ताच्या रिपोर्टमध्ये साखरेच्या आकड्याखाली डॉक्टरांनी पेनाने दोनदा रेघ ओढलेली, आणि ती रेघ बायकोने पाहिलेली. यानंतर माणसाला व्यायामावाचून गत्यंतर उरत नाही.

पण कोणता व्यायाम करायचा? साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि अर्धं गाव पळायला लागलं. पहाटे यवतेश्वरच्या घाटात जा, एवढी माणसं पळत असतात की खाली काही घडलंय की काय असं परगावच्या माणसाला वाटावं. पळण्यात एकच वाईट. हल्ली प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ असतं, आणि कोण किती मिनिटांत किती गेला आणि कुठल्या वळणावर बसला, हे दुपारपर्यंत पोवई नाक्यावर पोचलेलं असतं. सांगलीकराला कृष्णा दाराशी. पोहण्यासारखा व्यायाम नाही, हे तो स्वतःच सांगतो. पण कृष्णेत मगरी आहेत. हे कारण इतकं भक्कम आहे की त्यावर त्याची बायकोसुद्धा काही बोलू शकलेली नाही.

मग राहिली तालीम, आणि खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे कुस्ती सगळ्यांना कळते. जे खेळलेले नाहीत त्यांना जरा जास्तच कळते. कुंडलच्या मैदानाला जाऊन बसा. शेजारचा पानपट्टीवाला, त्याच्या पलीकडचा एसटीचा कंडक्टर, मागच्या बाजूला पटका बांधून बसलेले आजोबा, यांतला प्रत्येकजण ढाक कुठे चुकली हे पैलवान खाली पडायच्या आत सांगतो. कवठे पिरानच्या मारुती मानेंनी १९६२ साली जकार्ताच्या एशियाडमधून सुवर्णपदक आणलं. त्यांना फडात प्रत्यक्ष बघितलेली माणसं अजून पारावर बसतात, आणि ज्या डोळ्यांनी त्यांनी माने बघितले, त्याच डोळ्यांनी ती तुमच्याकडे बघतात. अशा गावात चाळिशीनंतर लंगोट लावून मातीत उतरायला छाती लागते. या गृहस्थाचं तालमीशी पूर्वीही जमलं नव्हतं. लहानपणी वडिलांनी त्याला वस्तादांच्या हवाली केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागलं, आणि ते दुखणं दहावी होईपर्यंत टिकलं.

बॉक्सिंगचं तसं नाही. जॅब बरोबर बसला की चुकला, हे सांगू शकेल असा माणूस राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत सहसा भेटत नाही. २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगने भारताला बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, मेरी कोमवर पिक्चर निघाला, एवढी माहिती पुष्कळ झाली. त्यापुढे कोणी विचारत नाही. ज्या खेळात आपल्याला पकडू शकेल असा माणूस गावात नाही, तोच खेळ निवडायचा, हा त्याचा हिशेब. मला तो हुशारीचा वाटतो.

पहिला महिना खरेदीत जातो. १४ औंसाचे लाल ग्लोव्हज, दातांना माउथगार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि हाताला गुंडाळायच्या पट्ट्या. ही एकेक पट्टी साडेचार मीटरची असते, म्हणजे साडीला जेमतेम मीटरभर कमी. ती मनगटाभोवती, मग मुठीवर, मग बोटांच्या बेचक्यांतून घ्यायची असते आणि शेवटी पुन्हा मनगटावर आणून बांधायची असते. निम्म्यात आल्यावर आपण अंगठा घ्यायला विसरलो, हे त्याच्या ध्यानात येतं. घामेजलेल्या पट्ट्या बायको गच्चीत वाळत घालते तेव्हा शेजारीण हळूच विचारते, "घरात कुणाचं हाड मोडलं का हो?"

मग एके दिवशी त्याला वजनगटांचा शोध लागतो. पुरुषांत ९० किलोच्या वरचा गट म्हणजे सुपर हेवीवेट, आणि त्याला वरची मर्यादाच नाही! ज्या गोष्टीसाठी डॉक्टर चार वर्षं टोचून बोलत होते, तिला खेळात एवढं भारदस्त नाव आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअपवर ग्लोव्हज घातलेला फोटो चढतो आणि खाली ते दोन शब्द. साहजिकच वजन कमी करण्याची घाई थोडी ओसरते. ९० झालं तर गट बदलेल ना.

प्रेरणेसाठी मात्र त्याला कुस्तीकडेच यावं लागतं, कारण आपल्या भागात प्रेरणेचं दुसरं कोठार नाही. साताऱ्याहून सांगलीला निघालं की वाटेत कऱ्हाड, आणि कऱ्हाडला लागून खाशाबा जाधवांचं गोळेश्वर. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपले व्यवस्थापक क्लासमधल्या पोरांना ही हकीकत डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण सांगता सांगता मधेच थांबतात. घराचं मूल्यांकन कोणी केलं असेल, जामीनदार कोण असेल, आणि खेळाडू पदक न घेता आला असता तर वसुली कशी लागली असती, या विचारात ते जे शिरतात ते हेलसिंकीला परत येतच नाहीत.

इथवर सगळं सुरळीत असतं. अडचण येते ती कोचची. गावात बॉक्सिंग कोणाला कळत नाही, हे खरं. पण सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंग्याला तर लोक गावाच्या नावापुढे मिलिटरी लावल्याशिवाय बोलत नाहीत. अशा जिल्ह्यात बॉक्सिंगचा क्लास कोण काढणार? पलटणीकडून रिंगमध्ये उतरलेला आणि पेन्शनीत आलेला कोणीतरी सुभेदार. फीच्या पावतीवर सही करतानाच त्याने या गृहस्थाच्या पायांकडे बघितलेलं असतं, आणि त्याला सगळं कळलेलं असतं.

सुभेदार ठोसा शिकवतच नाहीत. आधी उभं राहायला शिकवतात. डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, हनुवटी छातीकडे, मुठी गालाशी. "ताकद हातात नसते साहेब, टाचेत असते. टाच फिरते, कंबर फिरते, हात नुसता मागनं येतो." कंबर फिरायला आधी ती कुठे आहे ते सापडावं लागतं, आणि त्यातच दोन आठवडे जातात. पुढे ठोसा देताना तो श्वास कोंडून धरतो. नवशिके सगळेच धरतात. पाचसहा ठोशांत चेहरा ग्लोव्हजच्या रंगाचा होतो. दिलेला हात तर तो परत आणायलाच विसरतो. त्यावर सुभेदारांनी त्याच्या धंद्याचीच भाषा उचलली आहे. "वसूल करा साहेब, हात वसूल करा! दिला की लगेच आत. थकबाकी ठेवायची नाही!"

हळदवाल्याची अडचण वेगळी. सौद्यात भाव कितीही चढो, याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, अशी यार्डात त्याची ख्याती. तोच माणूस ग्लोव्हज घातले की पारदर्शक होतो. उजव्या हाताचा ठोसा मारायच्या आधी डावी भुवई वर जाते आणि तोंडातून "हं" निघतं. समोर पॅड धरून उभा असलेला दहावीतला पोरगा त्या "हं"वर आरामात बाजूला होतो, आणि वर म्हणतो, "काका, सावकाश. काही घाई नाही."

आणि ती तीन मिनिटं! एक राउंड तीन मिनिटांचा, मधे एक मिनिट विसावा. तीन मिनिटांत काय होतं, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. प्रत्येक ग्लोव्ह जेमतेम चारशे ग्रॅमचा. पहिलं मिनिट तो हात गालाशी धरतो. दुसऱ्यात ते खांद्यापर्यंत येतात. तिसऱ्यात बेंबीपाशी थांबतात आणि राउंडची घंटा होईपर्यंत तिथेच राहतात. खरं सांगायचं तर हे बघून मी हसलो, पण घरी दाराआड हात गालाशी धरून बघितले. खांदे भरून येतात. म्हणून एक गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे. रोज एवढं ऐकून घेऊनही तो दुसऱ्या दिवशी येतो. उशिरा येतो, दोरीच्या उड्या टाळतो, सुभेदारांना चहा पाजून अर्धा तास खातो, पण येतो. साखरही थोडी उतरली आहे, असं तो म्हणतो. रिपोर्ट अजून कोणाला दाखवलेला नाही.

बाहेर त्याचं बोलणं मात्र कधीच जिल्हा पातळीच्या खाली नसतं. "यंदा जिल्ह्याला उतरावं म्हणतोय," असं तो चहाच्या गाड्यावर सहज म्हणून जातो. सुभेदारांना उपरोध कळत नाही आणि थापा तर मुळीच कळत नाहीत. त्यांनी एक दिवस सरळ फॉर्म काढला आणि जन्मतारीख विचारली. मग स्वतःच मान हलवली. मोठ्यांच्या गटात वय १९ ते ४०. त्यापुढे प्रवेश नाही.

त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी विसरणार नाही. नियमाचा तो कागद त्याने मागून घेतला. आता तो पाकिटात असतो, घडीवर थोडा फाटलाही आहे. कोणी विचारो न विचारो, तो उघडून दाखवायचा आणि म्हणायचं, "वय आडवं आलं हो. नाहीतर..." नाहीतरच्या पुढे तो कधीच जात नाही, तिथे नुसता मान वळवून डोंगराकडे बघतो.

परवा तो कागद त्याने एका चुलत्यांना दाखवला. चुलते जुने पैलवान, कान फुटलेले, ऐंशीच्या घरातले. त्यांनी चष्मा काढला, कागद लांब धरून सगळा वाचला, नीट घडी घालून परत दिला.

"मंग आपल्या जत्रंत उतर की," ते म्हणाले. "नारळावरची लावतो तुजी. तितं जल्मदाखला कोण मागतंय?"

त्या दिवशी आपल्याला नेमकं पतसंस्थेचं ऑडिट आहे, असं गृहस्थ लगेच म्हणाले. जत्रा कधी आहे, हे चुलत्यांनी अजून सांगितलंच नव्हतं.