कवच आपलं, जोखीम गावाची

२०२० च्या जुलैत विमा नियामकाच्या सांगण्यावरून ‘कोरोना कवच’ बाजारात आलं. मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने. ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत, जसा खिसा तसं कवच. मुंबईतल्या आमच्या चाकरमान्याने ते ताबडतोब घेतलं, कारण २२ ऑगस्टला गणपती येणार होते आणि कोकणात जायचंच होतं. बाप्पा काय, आपल्यावाचून बसणार थोडेच!

पॉलिसीत एक अट होती : पहिले १५ दिवस संरक्षण नाही. म्हणजे कंपनीचं म्हणणं सरळ होतं, तुम्ही आजार घेऊनच आला नसाल कशावरून? चाकरमान्याने निमूट सही केली. धंदा म्हटला की अटी आल्याच.

मग गावाने तेच विचारलं. आधी १४ दिवस, नंतर सरकारने सांगितल्याप्रमाणे १० दिवस वेगळं राहा म्हणाले. तर काय तो संताप! ‘स्वतःच्या घरात उपरे झालो’, ‘भावकीत माणुसकी उरली नाही’, वगैरे. सरपंच सगळ्यात वाईट. (त्याने हप्ता मागितला असता, तर कदाचित त्याचंही ऐकलं असतं.)

पॉलिसीवर नावं चौघांची : नवरा, बायको, दोन मुलं. माजघरात उकडीचे मोदक वळत बसलेल्या ऐंशीच्या काकूचं नाव कुठेच नाही. तिच्या वयाला ते कवच विकतही मिळत नव्हतं, वयोमर्यादा ६५. तिने आपली चौघांना जवळ बोलावून तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘प्रवासात त्रास नाय ना झाला?’