इकडची लाईट, तिकडचा जीव

हिंगोलीत लाईट गेली की माणसं आधी बाहेर येऊन शेजाऱ्याच्या घराकडे बघतात. त्याचीही गेलेली असली की जिवाला बरं वाटतं. पण घरातलं पोर पुण्याच्या सर्व्हरवर आलेख काढत बसलं असेल, तर त्याला शेजाऱ्याच्या अंधाराचा काही उपयोग नाही. राऊटर विझतो, कनेक्शन तुटतं आणि तिकडे एसीत सुखाने चाललेला त्याचा प्रोग्राम जागीच मरतो. लाईट गेली आमची, जीव गेला त्याचा.

याचं मूळ १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये आहे. तिचा खाक्या असा, की प्रोग्राम चालणार दूरच्या यंत्रावर आणि त्याची विंडो उमटणार तुमच्या पडद्यावर. प्रत्येक बटण, प्रत्येक रेघ तुमच्या पडद्याशी बोलून काढायची. पडद्याशी बोलणंच तुटलं की बहुतेक प्रोग्राम तिथल्या तिथे मान टाकतात. मग गणित अर्धं झालेलं असो की पाऊण. नुसत्या अक्षरांवर भागवणारे प्रोग्राम त्या मानाने चिवट. त्यांना 'नोहप', 'स्क्रीन', 'टीमक्स' ही साधनं तारून नेतात. विंडोवाल्याला 'नोहप' लावून काही होत नाही. त्याला बघणारा लागतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो सरळसरळ फसवणुकीचा आहे. दूरच्या यंत्रातच एक खोटा पडदा उभा करायचा. तो फक्त मेमरीत असतो, कुणाला दिसत नाही. प्रोग्राम त्याच्यासमोर इमानेइतबारे चित्रं काढत राहतो आणि आपण हिंगोलीत बसून त्याची प्रत पाहायची. त्यासाठी साधनं आहेत: व्हीएनसी अख्खा डेस्कटॉप दाखवतं. एक्सप्रा एकेक विंडो उचलून आपल्या पडद्यावर आणून ठेवतं. लाईट गेली तर प्रत जाते, मूळ चालूच. आली की पुन्हा जोडायचं. नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे हे इथे कुणाला अवघड वाटू नये: श्रोते उठून गेले तरी पुढ्यात विठ्ठल उभा असला की कीर्तन थांबत नाही. सर्व्हरचीच लाईट गेली तर मात्र त्या विठ्ठलालाच हाक मारायची. तिथे एक्सप्राचं काही चालत नाही. म्हणून लांबलचक गणिताने मधेमधे आपला हिशेब डिस्कवर लिहून ठेवलेला बरा.

या सगळ्याची उलटी बाजूही आता येऊ घातली आहे. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र उभं राहायचं आहे. त्याच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ती सुमारे १३० कोटी वर्षं वाटेत होती; धाडणारी कृष्णविवरांची जोडी केव्हाच एक होऊन गेलेली. एवढा दम आमच्या राऊटरला कुठला! पण उद्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली माणसं औंढ्याकडे डोळे लावून बसतील, आणि तेव्हा लाईट तिकडची गेली तर आम्हीही जरा शेजाऱ्याचं सुख भोगू.

तोवर खोटा पडदा वापरणाऱ्यांना एक विनंती. त्यात कनेक्शन तोडलं म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नसतं. काम संपलं की सेशनही बंद करा. नाहीतर तुमची विसरलेली विंडो सगळ्यांच्या सर्व्हरची मेमरी अडवून बसते, आणि खोळंबतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी पोर.