ठिपका दिसतोय का?

पुण्याच्या पाषाण तलावावर डिसेंबरातल्या रविवारी पहाटे तीन प्रकारचे लोक येतात: फिरायला आलेले, व्यायामाला आलेले आणि दुर्मीळ बदकाला आलेले. पहिले दोघे तासाभरात घरी जातात. तिसरा ओळखायला सोपा. अंगात शेवाळी जॅकेट, गळ्यात 8×42 ची दुर्बीण, खांद्यावर तिवई आणि चेहऱ्यावर उसनी बेफिकिरी. आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी ‘पाषाण, टील, जरा वेगळी वाटते’ एवढंच टाकलेलं असतं आणि आपण त्यासाठीच आलोय हे त्याला कुणाला कळू द्यायचं नसतं. “सहज आलो होतो,” असं तो सांगतो. सहज म्हणजे हडपसरहून पहाटे पाचला निघून.

पक्षीनिरीक्षकांची जमात तशी समाधानी. टिबुकलीने बुडी मारली तरी त्यांची सकाळ कारणी लागते. दुर्मीळवाल्याचं तसं नाही. समोर पाण्यावर जे आहे, ते त्याला आधी बाजूला सारायचं असतं. हळदी-कुंकू बदकाचंच बघा. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल ठिपके; देखणा पक्षी. पण तो बारा महिने इथंच राहतो, इथंच पिल्लं काढतो, म्हणून या गृहस्थाच्या लेखी तो नुसता पाण्यावरचा अडथळा. वारकरी पक्ष्यांकडे तर तो मान वळवूनही बघत नाही. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला बोलावलं तर येतो. मात्र पाण्यावरचे शेकडो काळेभोर वारकरी मोजायचं काम एखाद्या कॉलेजातल्या पोरावर ढकलून स्वतः ‘तो पलीकडचा कोपरा बघून येतो’ म्हणून सटकतो. पलीकडच्या कोपऱ्यात काहीतरी असणारच, या श्रद्धेवर त्याचा सगळा हिवाळा निघतो.

बदकंही त्याला सामील असावीत. वीण आटोपली की बऱ्याच जातींचे नर झगमगीत पिसं टाकून मादीसारखे मातकट होतात. बाकीचे नर थंडीत हळूहळू पुन्हा नटतात, पण भुवई बदकाचा नर भर हिवाळ्यातही या साध्या कपड्यांतच वावरतो. त्याची ती प्रसिद्ध पांढरी भुवई बघायची तर हिवाळा सरत येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे डिसेंबरात दुर्बिणीत जे दिसतं ते तपकिरी, तपकिरी आणि थोडं जास्त तपकिरी. त्यातून बैकल टीलची मादी निवडायची. हे बदक पूर्व सैबेरियात जन्मतं, हिवाळ्यात मुख्यतः कोरियाकडे जातं आणि भारतात क्वचितच, वाट चुकून उतरतं. मादीची खूण म्हणजे चोचीच्या मुळाशी पांढरा गोल ठिपका. अडचण एवढीच की भुवई बदकाच्या मादीलाही नेमका तिथंच फिकट ठिपका असतो. जरा पुसट.

हा पुसट आणि तो ठळक. मध्ये दोनशे मीटर पाणी, धुकं आणि जलपर्णी.

“काका, ठिपका दिसतोय का?” आयटीतला तरुण स्कोपला डोळा लावून विचारतो.

“दिसतोय. गोल आहे. कडेला काळी किनार पण आहे.”

“मला लांबट वाटतोय.”

“तू चष्मा पूस आधी.”

तरुण चष्मा पुसतो. तोवर बदकाने डोकं पाण्यात घालून शेपूट वर केलेली असते. या जातीची बदकं असंच खातात आणि वाद रंगात आला की त्यांना हटकून भूक लागते. पुढची दहा मिनिटं सात माणसं गंभीरपणे एका बदकाच्या बुडाचा अभ्यास करतात. बदक वर येतं तेव्हा ठिपक्याच्या जागी चिखल असतो. “चिखलाखाली गोलच आहे,” काका ठामपणे सांगतात.

एवढ्यात फिरणाऱ्यांपैकी एक आजोबा थबकतात. इतकी दुर्बिणी-कॅमेऱ्यांची आरास पाहून ते आवाज खाली आणतात. “बिबट्या आलाय का हो?” बदक आहे म्हटल्यावर त्यांचा जो विरस होतो तो पाहण्यासारखा असतो. “बदक होय,” म्हणून ते पुन्हा हात हलवत चालू लागतात. पुण्याच्या आसपास बिबटे दिसू लागल्यापासून बदकाची पत फारच उतरली आहे.

खरा घाला मात्र पक्षी पाळणारे घालतात. कुणाच्या फार्महाउसवरून सुटलेलं मस्कोव्ही बदक तलावात उतरलं की ग्रुपवर आधी हाहाकार आणि मग शोककळा. पिंजऱ्यातून पळालेला पक्षी यादीत धरत नाहीत. म्हणून फारच रंगीत बदक दिसलं की हे लोक आधी त्याचा पाय बघतात. 2018 च्या शरदात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या तळ्यात एक मँडरिन बदक अवतरलं, त्याला बघायला सगळं शहर लोटलं. पण पायात कडी होती, तेव्हा यादीवाल्यांनी हात झटकले. उलट फेब्रुवारी 2021 मध्ये आसामात तिनसुकियाजवळच्या मागुरी बीलवर तेच बदक दिसलं. आसामातली आधीची नोंद 1902 ची. त्या आठवड्यात आपल्याकडच्या काही जणांनी ऑफिसात ‘घरी जरा अडचण आहे’ असं कळवून विमानाची तिकिटं पाहिली असतील, तर आश्चर्य नको.

या माणसाचं नाक हा स्वतंत्र विषय आहे. बदकांना मैलापाण्याचं वावडं नाही. त्यावर वाढणारं शेवाळ, किडे, गाळ, सगळं त्यांच्या कामाचं. लोणी काळभोरजवळ कवडीपाटला मुळा-मुठा सगळ्या पुण्याचं सांडपाणी घेऊन पोचते आणि तिथंच थंडीत केशरी चक्रवाकांचे थवे उतरतात. प्लास्टिकच्या पिशव्या, फेस आणि मधोमध हिमालयापलीकडून आलेले पाहुणे. घरच्या बेसिनला जरा वास आला तर प्लंबर बोलावणारा हा गृहस्थ तिथं खडकावर बसून पोहे खातो. नदी स्वच्छ व्हावी या अर्जावर तो सही करतो, मनापासून करतो. बदकं तेव्हा कुठं जातील, हा विचार सही वाळेपर्यंत डोक्यात आणत नाही.

पाषाणची कथा उलटी. राम नदीतून येणाऱ्या सांडपाण्यावर इथं जलपर्णी इतकी माजते की बदकाला उतरायला मोकळं पाणीच उरत नाही. एकेकाळी इथं थंडीत थवेच्या थवे येत. ते पाहिलेले काका ती आठवण प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात आणि ऐकवताना थवा दर वेळी थोडा वाढतो.

दहाच्या सुमाराला ऊन चढतं, पाणी चमकायला लागतं, ठिपका कुणालाच दिसत नाही. तरुणाने तोवर ‘ई-बर्ड’वर बैकल टील नोंदवून टाकलेली असते, फोटोसकट. फोटोत एक तपकिरी डाग आणि त्यावर एक फिकट डाग. तिथं असल्या नोंदी तपासायला स्वयंसेवी परीक्षक असतात आणि ते रविवारीही जागे असतात. चहाच्या टपरीवर दुसरा कटिंग येईपर्यंत उत्तर आलेलं असतं: गार्गनी, म्हणजे आपलं भुवई बदक, मादी, नोंद कृपया दुरुस्त करावी.

तरुण मुकाट्याने फोन पुढे करतो. काका चष्मा कपाळावर सरकवून वाचतात, बिस्किट चहात बुडवतात.

“मी मघाशीच म्हणालो होतो, पुसट आहे म्हणून. बरं, पुढच्या रविवारी कवडीपाटला कोण कोण येतंय? गाडीत दोनच जागा आहेत.”