मुक्काम हाउन्सलो, तालुका हीथ्रो

(रंगमंचावर एक खुर्ची व एक टेबल. टेबलावर स्टीलचे ताट, चमचा आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची लांबट वही. निवेदक येतो, प्रेक्षकांना नमस्कार करतो, मग अंमळ घाबरून त्या वहीलाही करतो.)

रसिकहो, सरकार आणि सासरा या दोन संस्थांपैकी कोणतीही एक मनुष्यास सोसवते. परंतु 2020 सालच्या मार्च महिन्यात या दोन्ही संस्था आमच्या हाउन्सलोच्या चिमुकल्या घरात एकाच वेळी आणि एकाच गणवेशात, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात व बंडीत, अवतीर्ण झाल्या.

आमचे श्वशुर, अण्णा, सातारा जिल्ह्यातल्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. लेकीचा संसार पाहण्यासाठी, म्हणजे त्याची दप्तरतपासणी करण्यासाठी, ते जानेवारीत आले. 18 मार्चपासून हिंदुस्थान सरकारने ब्रिटनहून येणाऱ्या उतारूंना मज्जाव केला. आणि परतीच्या तिकिटासह अण्णा आमच्या घरी जप्त झाले. पुढे 23 तारखेच्या रात्री जॉन्सनसाहेब, नेहमीप्रमाणे केस न विंचरता, दूरचित्रवाणीवर आले आणि अत्यावश्यक खरेदी, औषधोपचार, घरून होऊ न शकणारी नोकरी व दिवसातून एकदा व्यायाम, एवढी कारणे वगळता कोणीही घराबाहेर पडू नये, असे त्यांनी फर्मावले. आमची ही रडवेली झाली. अण्णा मात्र, पेन्शनीत निघाल्यापासून प्रथमच, पाठीचा कणा सरळ करून बसले.

(चष्मा नाकाच्या टोकावर आणून) "जावईबापू, जमावबंदी आहे. कागद आणा."

दुसऱ्या दिवशी दाराशी ही वही टांगलेली होती. फिरती नोंदवही! अनुक्रमांक, नाव, प्रयोजन, गेल्याची वेळ, परतल्याची वेळ, शेरा.

"अण्णा, कचरा टाकून येतो."

"मोघम आहे. ओला की सुका?"

या गृहस्थांना जावई डेप्युटी कलेक्टर हवा होता, मिळाला संगणकवाला, आणि बोलणी करताना त्यांनी मला विचारलेला एकमेव प्रश्न "नोकरी कायम आहे का?" हा होता. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजतागायत देता आलेले नाही. आणि आता तर माझी नोकरी त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर, बिनइस्त्रीच्या विजारीत चालू होती. साहेबाशी माझी बैठक सुरू असता मागून आवाज येई, "साहेबांना बसायला सांगितलेत का?"

28 मार्चपासून दूरदर्शनने सागरांचे 'रामायण' पुन्हा सुरू केले. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे, इथली घड्याळे पुढे सरकल्यावर, पहाटेचे साडेचार. कोथरूडचा आमचा मेहुणा, ज्याने मला आजवर दिलेली एकमेव वस्तू म्हणजे काढ्याची कृती, आपला फोन दूरदर्शनसंचापुढे धरून बसे, आणि आम्ही सहकुटुंब, पांघरुणात, सीतास्वयंवर पाहत असू, मेहुण्याच्या अंगठ्यासकट. शिवधनुष्य मोडले की अंगठा, हे मला शेवटपर्यंत समजले नाही.

आणि मग आला गुरुवार.

अ‍ॅनेमरी प्लास नावाच्या, नेदरलँड्सहून लंडनात येऊन राहिलेल्या बाईंच्या कल्पनेवरून, दर गुरुवारी रात्री आठाला साऱ्या देशाने दारात उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी टाळ्या वाजवायच्या, असे ठरले. अण्णांनी शेरा मारला, "गुरुवार. दत्ताचा वार. बाईला समज आहे." चार दिवसांपूर्वी अख्ख्या हिंदुस्थानाने थाळ्या वाजवल्या आणि आपण त्या नादास मुकलो, हे शल्य त्यांच्या उरी होतेच. आठाच्या ठोक्याला इंग्रज आळी आपापल्या दारात उभी राहून, कोणास त्रास होऊ नये अशा बेताने, टाळ्या वाजवू लागली. अण्णा धूतवस्त्र नेसून ताट-चमचा घेऊन बाहेर आले, त्यांनी क्षणभर तो बेताल पाऊस ऐकला, आणि—

(ताट उचलून ताल धरतो)

—गणपतीपासून सुरुवात केली.

आता इंग्रज मनुष्याची कोंडी आपण ध्यानी घ्यावी. जो पहिला थांबेल तो आरोग्यसेवेचा कृतघ्न ठरेल; तेव्हा अण्णा थांबल्याखेरीज कोणी थांबेना, आणि अण्णा तर आताशी शंकरावर आले होते! शंकर झाला, देवी झाली. विठोबाच्या आरतीत जिथे श्वास कोंडून स्वर लांबवायचा, तिथे अण्णांनी तो हीथ्रोच्या धावपट्टीइतका लांबवला, आणि समोरचे निवृत्त पोस्टमन डोळे मिटून, एक बोट वर करून, वाट पाहत राहिले. दत्ताची आरती वार म्हणून दोनदा झाली. गस्तीची पोलीस मोटार वळणावर थांबली. शिपाई खाली उतरला, त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि तोही बिचारा टाळ्या वाजवू लागला. मग अखेरचा टप्पा आला, जिथे भक्ताने हात जोडून स्वतःभोवतीच गिरकी घ्यायची. अण्णांनी घेतली. पोस्टमननी घेतली. शेजारच्या वृद्ध मेमसाहेबांनी कठड्याला धरून घेतली. शिपायाने आधी बिनतारी यंत्रावरून कोणास तरी विचारले, आणि घेतली! साऱ्या आळीत, दोन-दोन मीटरांवर, गोरी माणसे गंभीर मुद्रेने स्वतःभोवती फिरत होती, आणि मंत्रपुष्पांजली झाल्यावर अण्णांनी कठड्यावर खडीसाखर ठेवून मला फर्मावले, "एकेकाला सोडा. रांग लावा. झुंबड नको."

पुढल्या गुरुवारी पोस्टमननी कुंपणापलीकडून नम्रपणे विचारले, "लांब सुराचा तो आजही आहे ना?"

(ताट खाली ठेवतो. जरा वेळाने.)

एप्रिलात कराडला अण्णांची थोरली बहीण, आक्का, गेली. अंत्ययात्रेस वीस माणसांची मर्यादा होती. एकविसावे अण्णा, फोनमध्ये. इथे नुकते उजाडले होते. ज्या आमच्या छपरावरून एरवी विमानामागून विमान उतरते, आणि म्हणून ज्याचे भाडे परवडते, तिथे त्या पहाटे एकही विमान नव्हते. भाच्याचा हात कापत होता, त्यामुळे दिसले ते मुख्यतः आभाळ आणि कोणाच्या तरी वहाणा. अण्णा काही बोलले नाहीत. स्नान करून आले, वही काढली आणि स्वतःची नोंद केली. प्रयोजन: आक्काला पोचवणे. गेल्याची वेळ लिहिली. परतल्याची वेळ हा रकाना कोरा ठेवला.

मी ती नोंद वाचत उभा राहिलो. डोळे भरून आले. आणि त्याच भरल्या डोळ्यांनी खालची ओळ दिसली, तांबड्या शाईत, माझ्या नावासमोर: "दुधास पाऊण तास? लेखी खुलासा करावा."

(डोळे पुसत) केला खुलासा. काय करता!

अण्णांना या देशात आदर वाटला तो एकाच पुरुषाबद्दल. पंतप्रधानांचे सल्लागार कमिंग्ज टाळेबंदीत बायको-मुलासह बार्नार्ड कासलला मोटार हाकत गेले, आणि 25 मे रोजी गुलाबांच्या बागेत मेज मांडून त्यांनी कारण दिले की, आपली दृष्टी लंडनपर्यंत मोटार हाकण्याजोगी आहे की नाही, हे तपासण्यासाठी गेलो होतो. अण्णांनी चष्मा काढला. "उभ्या नोकरीत हजारो भत्ताबिले पाहिली, जावईबापू. 'प्रयोजन' या रकान्यात असे लिहिण्याची छाती आमच्या तालुक्यात कोणाची झाली नाही."

यथावकाश 'वंदे भारत'च्या विमानात त्यांचा नंबर लागला. मला वाटले, सुटलो! पण कारकून असा उठून जात नसतो. चार्ज देऊन जातो. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी घरातील जडसंग्रहाची यादी माझ्यापुढे सरकवली आणि ताबेपावतीवर सही मागितली. खुर्च्या, चार, पैकी एक डुगडुगती. कुकर, एक, शिट्टी सदोष. अगदी शेवटी: जावई, नग एक. स्थितीच्या रकान्यात प्रथम "निर्लेखनास पात्र" असे लिहिले होते, ते एका रेघेने खोडून, खोडल्याबद्दल बारीक सही करून, वर लिहिले होते, "तूर्त वापरात ठेवावा."

(पडदा)