भोरचे कानसेन

भोरच्या कानसेनाचं वर्ष रामनवमीला उघडतं आणि रामनवमीलाच मिटतं. राजवाड्यातला रामजन्माचा उत्सव पंतसचिवांच्या काळापासून चालत आलेला. १९४८ साली संस्थान विलीन झालं, कानसेन मात्र विलीन व्हायचा राहिला. कीर्तनाला तो खांबाला पाठ लावून अशा थाटात बसतो, की बुवांना बिदागी यानंच द्यायची असावी. सुंठवडा तोंडात टाकला की गेल्या वर्षात काय काय ऐकलं त्याचा अहवाल शेजाऱ्याला सादर करायला सुरुवात होते. शेजारी बदलत राहतात, अहवाल चालू राहतो.

असा माणूस भोरात प्रत्येक आळीला एक तरी सापडतो. कुणी निवृत्त मास्तर, कुणी पंचायत समितीतून सुटलेला, कुणी किराणा दुकान मुलाच्या हवाली करून मोकळा झालेला. गाणं कुणालाच येत नाही. लहानपणी पेटी शिकायला घातलं होतं, पण अलंकार संपायच्या आत वडिलांची बदली झाली, असं प्रत्येक जण सांगतो. एवढ्या बदल्या तेव्हा होत असतील तर त्या काळच्या सरकारने महाराष्ट्राचं संगीतात फार नुकसान केलं म्हणायचं.

त्याची ओळख पटवायची खूण म्हणजे पिशवी. तिच्यात मफलर, कानटोपी, बसायला एक चौघडी, खडीसाखर, पोळीभाजीचा डबा आणि एक डायरी. डायरीत तारीख, गायक, राग आणि भैरवी असे चार रकाने पट्टीने आखलेले. रागाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पेन्सिलीने लिहिलेलं असतं, म्हणजे निवेदकाने दुसरं काही सांगितलं तर खोडता येतं. भैरवीचा रकाना कोरा. तो का कोरा, ते पुढे येईल.

राग ओळखायची त्याची पद्धत मला मनापासून आवडते. संध्याकाळची मैफल असली, कोमल रिषभ कानावर पडला, की तो डोळे मिटून पुटपुटतो, "मारव्याच्या अंगानं चाललंय." मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे सूर तेच, फरक सगळा चलनात. त्यामुळे निवेदकाने पूरिया म्हटलं की हा लगेच शेजाऱ्याकडे वळून, "तेच म्हणत होतो मी, निषाद बघा ना!" रात्री पाचच सूर ऐकू आले की भूप. तो देसकार निघाला तर चूक गायकाची, देसकार रात्री गायचा नसतो. सम यायच्या आधी मात्रा-दोन मात्रा त्याचा हात वर जातो आणि सम येऊन गेल्यावर मांडीवर पडतो. मधल्या वेळात तबलजी काय करतो, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आता एका वर्षाचा, म्हणजे २०२४ च्या रामनवमीपासून २०२५ च्या रामनवमीपर्यंतचा अहवाल.

चैत्र-वैशाख जत्रांचा. नारायणगावच्या राहुट्यांमधून सुपाऱ्या ठरतात आणि तमाशाचे ट्रक इकडच्या गावांत यायला लागतात. कानसेन तमाशाला जात नाही. तो ढोलकी ऐकायला जातो. मागच्या बाजूला, टोपी डोळ्यांवर ओढून, अंधारात. तिथेच निवृत्त मुख्याध्यापक बसलेले असतात, तेही ढोलकीच ऐकायला आलेले. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, वग रंगला. दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. सकाळी मारुतीच्या देवळात मात्र दोघांत "ढोलकीचा बाज आता तसा राहिला नाही" यावर तासभर चर्चा झाली आणि ढोलकीवाल्याचं नाव दोघांनाही सांगता आलं नाही.

आषाढात भातलावणी. या दिवसांत भोर-वेल्ह्याकडे माणूस गुडघाभर चिखलात असतो आणि संगीत देवळात. इथे मला वेल्ह्याच्या कानसेनाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तो भोरच्यापेक्षा वेगळा प्राणी आहे. वेल्हे तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालं आहे, पण हा स्वतःला वेल्ह्याचाच म्हणवतो. वय पस्तीस-चाळीस, खाली मोटारसायकल, भजनी मंडळात पखवाज. रागाचं नाव त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. तोरण्याच्या पायथ्याला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा पखवाजाची पुडी सर्द होऊन बसते आणि आवाज पोत्यावर थाप मारल्यासारखा येतो. मग हा शेगडीजवळ पखवाज फिरवत बसतो, धुमेवर कणकेचा गोळा थापतो, तो थोडा कमी करतो, पुन्हा थापतो, हातोडीने गठ्ठे ठोकतो. पेटीवाला काळी चार धरून ताटकळलेला. भोरचे कानसेन चौघडीवर बसून म्हणतात, "अहो, लागलाय की आता!" त्यावर हा वर न बघता, "काका, तुम्हाला लागलाय. मला नाय लागला." पाऊण तासाने जो ठोका पडला तो खरोखर वेगळा होता. कानसेनांनी डायरीत लिहिलं, "पखवाज: ठीक."

गणपतीत वेल्हे-मुळशीकडच्या गावांतली ढोल-लेझीम पथकं पुण्याच्या मिरवणुकीत पूर्वीपासून जातात. कानसेनही गेला. परत आला तो भोरच्या विसर्जनात डॉल्बीसमोर सापडला. छातीचा पिंजरा हलत असताना, दोन्ही कानांत बोटं घालून तो माझ्या कानाशी ओरडला, "केरवाच आहे!" आवाजाची तक्रार नव्हती, ताल ओळखल्याचा आनंद होता.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम त्याला सोसत नाही. पहाटे पाचला पुण्यात हजर राहायचं म्हणजे आदल्या रात्रीच धनकवडीला मेहुणीकडे मुक्काम, आणि ऐन दिवाळीत अभ्यंगस्नान तिच्या बाथरूममध्ये. बायकोने एकदाच विचारलं, "नरकचतुर्दशीला पहिली आंघोळ घरात करायची की नाट्यगृहात?" त्यानंतर दिवाळी पहाट तो रेडिओवर ऐकतो आणि डायरीत "हजर" असंच लिहितो.

खरा कस डिसेंबरात. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालचा, पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. २०२४ च्या डिसेंबरातला सत्तरावा. आमच्या कानसेनाची जवानी रेणुका स्वरूप आणि रमणबागेच्या मांडवात गेली. तेव्हा रात्रभर गाणं चालायचं, आणि परगावच्या माणसाला याहून सोयीचं दुसरं काही नव्हतं. संध्याकाळच्या एसटीने यायचं, मांडवात बसायचं, थंडी वाजली की चहा, डोळा लागला तर लागला, उजाडल्यावर स्वारगेटला पहिली भोर गाडी. लॉज नको, नातेवाईक नको. एका तिकिटात गाणं आणि निवारा दोन्ही. पुणेकर रात्रभर जागायचा तो हौसेनं, भोरकर जागायचा कारण दुसरी सोयच नव्हती. त्याने भैरव, तोडी ऐकले ते असे, घरी जायला वाहन नाही म्हणून.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि हळूहळू मैफली रात्री दहाला बंद व्हायला लागल्या. जाणकारांनी लेख लिहिले, रात्रीचे राग लोप पावतील, पहाटेचे राग कुणी गाणार नाही. सगळं खरं. पण भोरच्या माणसाचं काय होणार, हे एकानेही लिहिलं नाही. गाणं संपणार दहाला आणि भोरची शेवटची गाडी त्याआधीच गेलेली. सगळ्यात मोठा कलाकार शेवटी बसणार, त्याने तानपुरे जुळवून षड्ज लावला की याने पिशवी उचलायची. गेल्या कित्येक वर्षांत महाराष्ट्रातल्या बहुतेक थोर गायकांचं गाणं त्याने विलंबितापर्यंत ऐकलं आहे. द्रुतबद्दल त्याची मतं ऐकीव आहेत. आणि भैरवीचा रकाना कोरा आहे तो यामुळे.

महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. तिथून स्वारगेट हाकेच्या अंतरावर. पुणेकर रमणबागेच्या आठवणीने हळहळले. आमच्याकडे मात्र आजही असा ठाम समज आहे, की ही जागा भोरच्या मंडळींची अडचण ओळखूनच निवडली गेली.

त्या वर्षी १८ ते २२ डिसेंबर, बुधवार ते रविवार, पाचही दिवस तो गेला, शनिवार सोडला तर जाऊन-येऊन. पासष्टी उलटल्यामुळे एसटीचं तिकीट अर्धं. पंच्याहत्तरीनंतर तर फुकट, तेव्हा संगीतसाधनेचा खरा बहर अजून पुढेच आहे, असं तो सांगतो. बुधवारी जातानाची गाडी शांत होती. तीनच दिवसांपूर्वी झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली होती. तिकीट फाडता फाडता कंडक्टरने विचारलं, "काका, ते गेले ते, चहाच्या जाहिरातीतले ना?" एरवी या एका प्रश्नावर कापूरहोळपासून कात्रजपर्यंत पंजाब घराण्यावर व्याख्यान झालं असतं. कानसेन म्हणाला, "हो, तेच," आणि खिडकीबाहेर बघत बसला. सुटे पैसे घ्यायचेही विसरला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्याची चेष्टा करणं फार सोपं आहे.

शनिवारी बारापर्यंत परवानगी असते. म्हणजे भैरवीची संधी! त्यासाठी पुन्हा धनकवडी. पण मेहुणी अकराला दार लावून झोपते, त्यामुळे साडेदहाला उठणं आलंच. राहिला रविवार. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातल्या भैरवीने होते, ही माहिती तो इतरांना इतक्या वेळा सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा तिथे पहिल्या रांगेत असतो. प्रत्यक्षात त्या वेळी तो एसटीत असतो. भाच्याने ते ध्वनिमुद्रण मोबाइलवर काढून दिलं आहे, ते कानाला लावतो आणि कात्रजच्या घाटात रेंज जाते.

एखाद्या दिवशी शेवटची गाडी चुकतेच. मग सातारा-कोल्हापूरकडची कुठलीही गाडी पकडून कापूरहोळला उतरायचं, फाट्यावर कानटोपी ओढून बसायचं आणि दुधाचा टेम्पो येईपर्यंत वाट बघायची. टेम्पोवाला ओळखीचा झाला आहे. त्याच्या गाडीत पहाटे जे लागलेलं असतं त्याचाही ताल कानसेनाने ओळखून ठेवला आहे.

जानेवारीत हाच भाचा नवी मुंबईला कोल्डप्ले ऐकून आला. तिकिटासाठी ऑनलाइन लाखोंच्या रांगेत उभा होता, हे ऐकून कानसेन हबकला. ऑनलाइन रांगेत उभं राहायचं म्हणजे कुठे, हे त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं.

"साथीला कोण होतं?"

"मामा, साथीला असं कुणी नसतं. बँडच असतो तो."

"बरं. बसायला?"

"बसायचं नसतं. उभ्यानंच."

"मग ऐकतात कधी?"

भाच्याने हातातल्या पट्ट्याचं वर्णन केलं. आत जाताना प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा बांधतात, गाण्याच्या तालावर तो आपोआप उजळतो, हजारो हात एकाच वेळी लाल, एकाच वेळी निळे. निघताना मात्र तो परत करायचा. कानसेन पहिल्यांदाच खुलला. "म्हणजे टाळ! आमच्या भजनी मंडळातही मोजूनच परत घेतात. दोन जोड तरी कमी भरतात." मग हळूच विचारलं, "शेवटपर्यंत थांबलास?"

"हो. संपलं, फटाके झाले, मग निघालो."

एवढं एकच त्याला कोल्डप्लेमधलं हेवा वाटण्यासारखं वाटलं.

बाकी वर्षात फुटकळ बरंच झालं. कार्तिकातला काकडा झाला, लग्नांतले बेंजो झाले, एका सत्काराला मुख्य पाहुणे तीन तास उशिरा आल्याने हौशी गायिकेला तीन तास गावं लागलं. त्या एका दिवशी मात्र भैरवी दोनदा झाली, आणि कानसेन शेजारच्याच आळीत असूनही घरी जेवायला गेला होता. काकड्याच्या वेळी तो शेवटपर्यंत थांबतो, प्रसाद घेतो, टाळ मोजून पेटीत ठेवायला मदत करतो. डायरीत त्याची नोंद करत नाही. ते मैफलीत धरत नाहीत, म्हणे.

२०२५ च्या रामनवमीला अहवाल ऐकायला वेल्ह्याचा पखवाजवालाही होता. सगळं ऐकून त्याने एवढंच म्हटलं, "काका, पुढच्या वर्षी माझ्या मागं बसा गाडीवर. दहाला संपलं तरी बाराला घरी सोडतो." कानसेनाने विचार केला आणि नकार दिला. कारण विचाराल तर, मोटारसायकलवर अर्धं तिकीट नाही.

तेव्हा पुणेकरांना एकच विनंती. येत्या डिसेंबरात मुकुंदनगरला गेलात आणि नेमका मुख्य गायक बसल्यावर कुणी कानटोपीवाला गृहस्थ पिशवी छातीशी धरून तुमच्या रांगेतून वाट काढू लागला, तर "या लोकांना गाण्याची कदर नाही" असं म्हणू नका. पाय आवरा आणि त्याला जाऊ द्या. त्याला भोरला जायचं आहे.